भावाचा गांजा सुटत नाहीये, घरात दोन पार्ट्या पडल्यात. काय करावं?

गोदाकाठची :

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचते, लिहायची ही पहिलीच वेळ, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा भाऊ 23 वर्षांचा, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. पुण्याला इंजिनिअरिंगला होता, तिसऱ्या वर्षाला इयर डाऊन झाला आणि मागच्या दिवाळीपासून नाशिकला घरीच आहे. खोलीचं दार लावून बसतो, दुपारी दोनला उठतो, संध्याकाळी "येतो जरा" म्हणून गाडी काढतो ते अकराला परत, डोळे लाल, आल्या आल्या फ्रीज उघडून उभ्या उभ्या हाताला लागेल ते खातो. आम्हाला वाटलं नापास झाल्याचं टेन्शन असेल. मग गेल्या महिन्यात मी माहेरी गेले होते, माळ्यावरून पितळी डबा काढताना माझ्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिकांचा गठ्ठा खाली आला. पन्नासेक असतील. प्रत्येक पत्रिकेचा एक कोपरा पट्टी काढल्यासारखा सरळ कापलेला, काहींवरचा गणपती अर्धा गेलेला. मला काही कळेना, नवऱ्याला फोटो पाठवला. त्याचा फोन आला, म्हणाला अगं हे गांजाच्या सिगरेटच्या, जॉइंटच्या टोकाला लावतात, जाड कागदाची गुंडाळी करून. मी तिथेच शिडीवर बसले.

विचारलं तर त्याने नाकारलं पण नाही. म्हणतो ताई झाडपाला आहे, दारू पितो का मी, कुणाला मारतो का, झोप येते बरी वाटते म्हणून घेतो, वाटलं तर उद्या सोडीन. गेल्या महिन्याभरात हे "उद्या" मी निदान दहा वेळा ऐकलंय, आणि सोडतो तेव्हा चौथ्या दिवशी इतका चिडचिडा होतो की आईच म्हणते जा बाबा जा बाहेर.

दुसरं म्हणजे चार महिन्यांपासून सकाळी उलट्या होतात, कधी कधी दोन दोन दिवस थांबतच नाहीत. अॅसिडिटीच्या गोळ्या झाल्या, सोनोग्राफी झाली, दुर्बीण घालून तपासलं, सगळं नॉर्मल. उलट्या सुरू झाल्या की तासभर गरम पाण्याखाली बसतो, गीझर बंद करू देत नाही, पाठ भाजल्यासारखी लाल होते त्याची.

आता घरात दोन पार्ट्या. बाबांना कुणीतरी एका सेंटरचा नंबर दिलाय, ते गाडी घेऊन येतात, चार माणसं झोपेतून उचलून नेतात, चार महिने भेटू देत नाहीत. बाबा म्हणतात पैसे भरतो, एकदाचं होऊन जाऊ दे. आई म्हणते माझ्या पोराला हात लावाल तर मी पण घर सोडते, आणि तीच त्याला गुपचूप पाचशेची नोट देते. मी मधल्या मध्ये. ते सेंटर बरोबर आहे का? गांजाचं खरंच व्यसन लागतं का? सरकारी दवाखान्यात नेलं तर पोलीस केस होईल का? कुणाच्या घरात हे झालं असेल तर प्लीज लिहा, सल्ला कडू असला तरी चालेल.

रानवारा_77 :

ताई, उगाच बाऊ करताय असं वाटतं. तुमच्याच नाशकात कुंभात साधू लोक चिलीम ओढतात, शेकडो वर्षं चालत आलंय, कुणाला काही झालं नाही. निसर्गातली गोष्ट आहे. दारू आणि तंबाखूनं जास्त माणसं मरतात हे सगळ्यांना माहितीये. पोरगा नापास झालाय, त्याच्या डोक्यावर हात ठेवा, आपोआप सोडेल. सेंटर बिंटर नको मात्र, ते मला पण पटत नाही.

परतीचा_पाऊस :

ताई तुमची पोस्ट दोनदा वाचली. पत्रिकांचं वाचून पोटात गोळा आला कारण मी घरात आलेल्या एलआयसीच्या कॅलेंडरचे पुठ्ठे असेच कापायचो.

मी आज 34, कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून अकरा वर्षं ओढला, आता पाच वर्षं झाली सुटून. रानवारा दादा, तुमचा हेतू चांगला आहे, पण "आपोआप सोडेल" या वाक्यावर माझ्या घरच्यांनी चार वर्षं घालवली. व्यसन लागतं. ओढणाऱ्या सगळ्यांना नाही लागत, माझ्याबरोबर सुरू केलेले दोघं नोकरी लागल्यावर सहज सोडून गेले, मी नाही सोडू शकलो. माझं ओळखायची खूण सांगतो, जॉइंट मारल्याशिवाय जेवण जायचं नाही आणि झोप यायची नाही, आणि पुडी संपत आली की आधी दोन दिवस डोक्यात दुसरा विषयच नसायचा. बहिणीच्या साखरपुड्याला मी पंगतीतून उठून माल घ्यायला गेलोय. मजा तर तिसऱ्या चौथ्या वर्षीच संपली होती, नंतर फक्त नॉर्मल वाटावं म्हणून ओढायचो.

सोडल्यावर काय होतं ते तुम्हाला माहीत असलेलं बरं, म्हणजे चौथ्या दिवशी आई त्याला बाहेर पाठवणार नाही. पहिल्या एक-दोन दिवसांतच सुरू होतं, पहिल्या आठवड्यात जोर जास्त. घाम, भूक मेलेली, बारीकसारीक गोष्टीवर डोकं फिरतं, आणि स्वप्नं पडतात, इतकी खरी की मी रात्री उठून हाताचा वास घेऊन बघायचो, ओढली की काय म्हणून. झोप यायला मला तीन आठवडे लागले. यात जिवाला धोका सहसा नसतो, दारू एकदम सोडताना असतो तसा नसतो, पण त्या दिवसांत माणूस जे बोलतो ते मनावर घेऊ नका. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही, आपल्याकडे सिगरेटची तंबाखू मिसळूनच ओढतात, त्यामुळे एका वेळी दोन व्यसनं सुटत असतात. डॉक्टरांना तंबाखूचंही सांगा.

आता उचलून नेणाऱ्यांबद्दल. मला नेलं होतं. 26 वर्षांचा होतो, पहाटे साडेचारला दार वाजलं, वडिलांनीच उघडलं. अंगावर बर्मुडा आणि बनियन, तसाच गाडीत कोंबला. एका हॉलमध्ये चाळीस जण, दारूवाले, ब्राउन शुगरवाले, मनोरुग्ण, सगळे एकत्र, उलट बोललं की पट्टा. डॉक्टर साडेतीन महिन्यांत दोनदा बघितला. नाव घेत नाही, ते आता बंद पण झालंय. बाहेर आलो त्याच रात्री ओढला, आणि नुसता ओढला नाही तर वडिलांवर सूड म्हणून ओढला. वडिलांशी दीड वर्ष बोललो नाही. ते गेले आता. त्यांनी तो निर्णय माझ्या प्रेमापोटीच घेतला होता हे मला फार उशिरा कळलं, त्यांना दुसरा रस्ता कुणी दाखवलाच नव्हता. म्हणून तुमच्या बाबांना माझी पोस्ट वाचून दाखवा.

सुटलो ते आतेभावामुळे. तो सकाळी अकराला यायचा, मी उठल्या उठल्या, डोकं साफ असायचं तेव्हा. गच्चीवर चहा. एकदाही म्हणाला नाही सोड म्हणून. एक दिवस विचारलं, यातलं तुला स्वतःला काय आवडत नाही? मी गप्प बसलो आणि मग बोलायला लागलो ते दुपार झाली. लक्षात राहत नाही, पोरीशी लग्नाचं बोलायची हिंमत होत नाही, आरशात बघवत नाही. तो म्हणाला, चल नुसतं विचारून येऊ, भरती नको होऊस. गेलो. पुण्यात येरवड्याजवळचं मुक्तांगण, डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी 1986 साली सुरू केलेलं. तिथे माझ्यावर कुणी ओरडलं नाही, पहिल्यांदा कुणीतरी अहो जाहो केलं. महिनाभर राहिलो, नंतर पाठपुराव्याला आणि नार्कोटिक्स अॅनॉनिमसच्या (व्यसन सोडणाऱ्यांचा एकमेकांना आधार द्यायचा गट) मीटिंगला जात राहिलो, अजून जातो. मध्ये एकदा घसरलो पण होतो, आठव्या महिन्यात. परत उभा राहिलो.

सदाफुली :

मी डॉक्टर नाही, व्यसनमुक्ती विभागात समाजसेविका म्हणून चौदा वर्षं काम करतेय. आधी उलट्यांचं, कारण तेच सगळ्यात घाईचं आहे.

बरीच वर्षं रोज गांजा ओढणाऱ्या काही जणांना हा त्रास होतो. उलट्यांचे झटके, पोटात कळा, आणि गरम पाण्याखाली बसलं की तेवढ्यापुरतं बरं वाटणं. ही गरम पाण्याची खूण फार महत्त्वाची आहे. 2004 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी याबद्दल पहिल्यांदा लिहिलं, आपल्याकडे अजून पटकन लक्षात येत नाही कारण पेशंट गांजाचं सांगत नाही आणि घरचे विचारत नाहीत, मग दुर्बिणी आणि सोनोग्राफ्या चालू राहतात. मी निदान करत नाहीये हं, तुम्ही पोटाच्या डॉक्टरांना गांजा आणि गीझर या दोन्ही गोष्टी स्पष्ट सांगा एवढंच. गांजा पूर्ण थांबला की हे थांबतं, पुन्हा सुरू केला की पुन्हा येतं. भाऊ म्हणेल ओढल्याने मळमळ कमी होते, त्याला खरंच तसं वाटत असतं, म्हणून तर कळत नाही. पाणी पोटात टिकत नसेल, लघवी कमी झाली असेल तर वाट बघू नका, सलाईन लागतं, किडनीवर जातं.

आणि यातच तुमची संधी आहे. व्यसन सोडायला चल म्हटलं तर तो येणार नाही, उलट्यांसाठी येईल. त्याला तो त्रास खरा आहे आणि नकोसा आहे. तिथून सुरू करा.

पोलिसांचं. गांजा 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतो, सेवन हाही गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण उपचाराला आलेल्याला दवाखाना पोलिसांत देत नाही, पेशंटची माहिती गुप्त ठेवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. शिवाय त्याच कायद्यात 64 अ कलम आहे, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणात माल बाळगण्याच्या गुन्ह्यात अडकलेला माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला तर त्याच्यावर खटला चालत नाही, उपचार पूर्ण करायची अट आहे. म्हणजे खरी भीती दवाखान्याची बाळगायची नाही, तो रात्री गाडी काढून माल आणायला जातो त्याची बाळगायची.

बाबांच्या सेंटरबद्दल. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा व्यसनाच्या रुग्णांनाही लागू होतो. मनाविरुद्ध भरती अगदीच करता येत नाही असं नाही, पण त्याला मानसोपचारतज्ज्ञासह दोन जणांनी वेगवेगळं तपासावं लागतं, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याचा धोका आहे किंवा स्वतःची काळजी घेण्याच्या अवस्थेतच नाही असं काही दिसावं लागतं, आणि आधी जास्तीत जास्त तीस दिवस. झोपेतून उचलून चार महिने डांबणं यात कुठेच बसत नाही. कुठलंही केंद्र बघायला जाल तेव्हा नोंदणीचं प्रमाणपत्र मागा, मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात ते विचारा, आणि भेटू देणार का ते विचारा. भेटू देत नाही म्हणाले की चप्पल घालून बाहेर या.

गांजासाठी अशी खास गोळी नाही, झोपेला आणि बेचैनीला डॉक्टर थोडे दिवस काही देतात. मुख्य काम बोलण्याचं असतं, समुपदेशनाचं, आणि बहुतेकांना भरती न होता बाह्यरुग्ण विभागातूनच करता येतं. आधी तुम्ही 14446 ला फोन करा, केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाईन आहे, फुकट आहे, जवळचं केंद्र सांगतात. मनाचा ताण तुम्हाला असह्य झाला तर टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाईन, 14416. भाऊ तयार नसला तरी तुम्ही आणि आईबाबा जा. आमच्याकडे पेशंटशिवाय येणारी आई मी रोज बघते, आणि त्यातल्या कितीतरी जणींच्या मागे दोन-तीन महिन्यांनी पोरगा येतो.

सरकारने एम्सकडून देशभर सर्व्हे करून घेतला होता, 2019 ला अहवाल आला, त्यात गांजा भांग चरसच्या त्रासासाठी मदतीची गरज असलेले सुमारे 72 लाख निघाले. लाजेने तोंड लपवून बसू नका, तुमचं एकटीचं घर नाही हे.

थंडीतला_मराठी :

रानवारा यांच्यासाठी. मी टोरांटोला असतो. इथे 17 ऑक्टोबर 2018 पासून गांजा कायदेशीर आहे, दुकानात जाऊन पावतीसकट घेता येतो, मी स्वतः कधीमधी घेतलाय, त्यामुळे मी विरोधक नाही. पण त्याच पाकिटावर पिवळ्या चौकटीत सरकारी इशारे असतात आणि त्यात व्यसन लागू शकतं हाही असतो. माझ्या रूममेटने त्यापायी दोन सेमिस्टर घालवली. कायदेशीर असणं, नैसर्गिक असणं आणि या मुलाला झेपणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय तो पोरगा दोन दोन दिवस ओकतोय, त्याला डोक्यावर हात ठेवून काय होणार?

अमृताची_आई :

बाळा, मी तुझ्या आईच्या बाजूची आहे म्हणून लिहिते. माझा धाकटा आज 29 चा. मी पण नोट द्यायची. का द्यायची तर नाही दिली तर हा कुणाकडून उसने घेईल, कुठे चोरी करेल, निदान माझ्याकडून घेतो म्हणजे माझ्या नजरेत राहतो असं वाटायचं. तुझी आई मूर्ख नाही गं, ती घाबरलेली आहे. तिला ओरडू नका दोघं मिळून.

आमच्या समुपदेशक बाईंनी मला एवढंच सांगितलं, ताट वाढायचं, कपडे धुवायचे, मायेने बोलायचं, पण रोख हातात द्यायची नाही. मोबाईलचं रिचार्ज हवंय, मी करते. पेट्रोल हवंय, बाबांबरोबर जा पंपावर. आणि ज्या दिवशी तो शुद्धीत असेल, आंघोळ करून जेवायला खाली येईल त्या दिवशी त्याच्या आवडीचं करायचं, ज्या दिवशी ओढून येईल त्या दिवशी भांडायचं नाही, बोलायचंच नाही, दिवा मालवून झोपायचं. मला रात्रभर झोप नाही लागायची पण मी दिवा मालवायची. आधी आमच्याकडे रात्री अकराला तमाशा ठरलेला आणि सकाळी सगळे गप्प, ते उलटं केलं.

आणि एक सांगते, हे आमच्याकडे उशिरा कळलं. शेजारचे माझ्याबद्दल बोलतात, टीव्हीवरचा माणूस मलाच सांगतोय असलं काही बोलायला लागला, किंवा आपल्याआपल्यात हसायला बोलायला लागला, तर त्याच दिवशी मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे न्या. आम्ही बाहेरचं असेल म्हणून दीड महिना अंगारे धुपारे करत बसलो. तो दीड महिना मला अजून टोचतो. आमच्या घराण्यात माझ्या दिरांना तसा आजार होता, डॉक्टर म्हणाले अशा घरातल्या मुलांना गांजाचा धोका जास्त. आता तो गोळ्यांवर आहे, दुकानात बसतो, हिशोब चोख ठेवतो.

रानवारा_77 :

सदाफुली आणि अमृताच्या आई, तुमचं वाचलं. उलट्यांचं मला माहीत नव्हतं. मी लिहिलेलं मागे घेतो. गोदाकाठची ताई, डॉक्टरांकडे न्या त्याला.

गोदाकाठची :

सगळ्यांचे आभार मानायला शब्द नाहीत. सहा आठवड्यांनी लिहितेय, कारण मध्ये लिहिण्यासारखं काही ठरत नव्हतं.

14446 ला फोन केला. आधी तीन वेळा लावून कट केला, चौथ्यांदा बोलले. त्यांनी जवळचं केंद्र सांगितलं, पहिल्यांदा आई आणि मी दोघीच गेलो. आई तिथे जी रडली, मी तिला माझ्या लग्नात पण तशी रडताना बघितली नव्हती. बाबांना परतीचा_पाऊस यांची पोस्ट वाचून दाखवली. वडिलांवर सूड म्हणून ओढला हे वाक्य आलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि आत गेले. त्या सेंटरचा नंबर त्यांनी डिलीट केला की नाही माहीत नाही, विषय मात्र परत काढला नाही.

मग उलट्यांची परत एक फेरी आली. यावेळी मी नाशिकलाच होते. बाथरूमच्या दाराबाहेर स्टूल टाकून बसले आणि दारातूनच सदाफुली यांनी लिहिलेलं जसंच्या तसं वाचलं. आत पाण्याचा आवाज चालू. बराच वेळाने म्हणाला, गरम पाण्याचं पण लिहिलंय? म्हटलं हो. मग नळ बंद झाला. दुसऱ्या दिवशी पोटाच्या डॉक्टरांकडे गेलो, मी सांगणार होते, पण त्यानेच सांगितलं, रोज पाच ते सहा जॉइंट, पाच वर्षं झाली. मी आकडा पहिल्यांदाच ऐकला. डॉक्टरांनी दोन दिवस सलाईन लावलं आणि मानसोपचार विभागाची चिठ्ठी दिली. भरती व्हायला तो तयार नाही, त्यांनीही आग्रह धरला नाही, आठवड्याला एकदा जायचं ठरलं.

सोळा दिवस न ओढता राहिला. स्वप्नांचं अगदी खरं निघालं, रात्री ओरडून उठायचा, मग बाबा त्याच्या खोलीत गादी टाकून झोपायला लागले. सतराव्या दिवशी पुण्याचा मित्र आला आणि हा त्याच्याबरोबर ओढून आला. त्या रात्री कुणी काही बोललं नाही, आईने दिवा मालवला. सकाळी तो स्वतःच म्हणाला ताई बुधवारची अपॉइंटमेंट आहे ना. आज परत नववा दिवस आहे.

परतीचा_पाऊस, एक विचारायचं होतं. तो म्हणतो संध्याकाळचे सहा ते नऊ जात नाहीत, घर अंगावर येतं. तुम्ही त्या वेळेत काय करायचात?

परतीचा_पाऊस :

ताई, सहाला पोहायला जायचो, साडेसातला बाहेर, मग मीटिंग, नाहीतर आतेभावाच्या गॅरेजवर हात काळे करत बसायचो. पोहल्यामुळे झोपही आली. पहिले तीन महिने जुन्या रस्त्याने गाडी नेली नाही, लांबून वळसा घालून जायचो. त्या पुण्याच्या मित्राचा नंबर त्याने स्वतःच्या हाताने ब्लॉक केला तर चांगलं, तुम्ही करू नका. त्याला माझ्याशी बोलायचं असेल तर मला इथे व्यक्तिगत निरोप टाका, रविवारी सकाळी अकरानंतर मी मोकळा असतो.